शब्दचर्चा: सर्व्हर-कक्षातली मराठी – स्नॅपशॉट, तरतूद, साठा, अपग्रेड

प्रश्न

एका सहकारी बँकेच्या सर्व्हर विभागासाठी मराठीत कार्यपुस्तिका लिहिते आहे. एका खऱ्या सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवणारी व्हीएमवेअर कंपनीची व्हीस्फिअर ही प्रणाली आम्ही वापरतो. तिच्या आवृत्ती ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता आवृत्ती ८ वर जायचं आहे, शिवाय जुना स्टोरेजही बदलायचा आहे. रात्रपाळीची मंडळी आपापसांत मराठीत बोलतात आणि नोंदवहीही मराठीत लिहितात. मग मध्यरात्री काही अडलं तर हाताशी घ्यायची पुस्तिका त्यांच्याच भाषेत का नसावी?

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला सर्व्हर), होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात तो खरा सर्व्हर), डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा), थिन प्रोव्हिजनिंग, स्नॅपशॉट, मायग्रेशन आणि अपग्रेड हे शब्द अडले आहेत. मी त्यांच्यासाठी अनुक्रमे आभासी यंत्र, यजमान, विदासाठा, विरल तरतूद, क्षणचित्र, स्थलांतर आणि उन्नयन असे शब्द योजले आहेत. हे चालतील का?

प्रतिसाद

निम्मे चालणार नाहीत असं स्पष्टच सांगतो. ऑपरेटरच्या पडद्यावर ‘होस्ट’ आणि ‘डेटास्टोअर’ असंच लिहिलेलं असतं. पुस्तिकेत ‘यजमान’ वाचून त्याला पडद्यावर होस्ट शोधावा लागला, तर घाईच्या वेळी आपण त्याच्या डोक्यावर आणखी एक काम टाकलं. पडद्यावरची नावं देवनागरीत तशीच ठेवा. मराठी लागते ती क्रियापदांना. कळ दाबल्यावर डिस्कवर नेमकं काय होणार, हे क्रियापदाने सांगितलं पाहिजे.

प्रतिसाद

‘आभासी’वर माझा वेगळा आक्षेप आहे. शाळेच्या विज्ञानात आपण वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा शिकलो. आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, म्हणजे ती तिथे नसतेच. व्हर्च्युअल मशीन मात्र खऱ्या प्रोसेसरवर चालतं, खरी मेमरी खातं आणि ग्राहकांची खरी खाती सांभाळतं. संचालक मंडळापुढे ‘आभासी सर्व्हरसाठी खर्च’ असं लिहून गेलात तर पहिला प्रश्न काय येईल हे सांगायला नको. ‘व्हर्च्युअल’ राहू द्या, लोकांच्या तोंडी बसलाय.

होस्टवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर, तोही तसाच राहू द्या. त्याची जडणघडण पाहण्यासारखी आहे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर कार्यप्रणालीच्या गाभ्याला सुपरव्हायजर म्हणत. त्या सुपरव्हायजरांच्याही वरचा तो हायपरव्हायजर. एकाच यंत्रावर अनेक यंत्रं चालवणारी आयबीएमची व्हीएम/३७० प्रणाली १९७२ सालची आहे. ही कल्पना व्हीएमवेअरपेक्षा बरीच जुनी आहे.

प्रतिसाद

मला सगळ्यात जास्त काळजी ‘क्षणचित्र’ची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चित्र म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, त्या क्षणाची एक पूर्ण प्रत कुठेतरी सुरक्षित ठेवली गेली. प्रत्यक्षात स्नॅपशॉट घेताना व्हीएमच्या डिस्कची प्रत होतच नाही. मूळ डिस्कफाइल जिथे आहे तिथेच गोठते आणि पुढचे सगळे बदल शेजारच्या नव्या फाइलमध्ये जाऊ लागतात. ही बदलांची फाइल रोज फुगते, ती मूळ डिस्कइतकीही होऊ शकते. मूळ फाइल बिघडली तर एकटा स्नॅपशॉट काहीच कामाचा नाही. म्हणूनच तो बॅकअप नव्हे. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा व्हीएमवेअरचा सल्ला आहे. साखळी ३२ पर्यंत जाऊ शकते, पण दोन-तीनच्या पुढे जाऊ देऊ नका.

तेव्हा पुस्तिकेत ‘स्नॅपशॉट काढला’ असं लिहू नका. ‘काढला’ म्हणजे घेतला की हटवला, हे मराठीत कळत नाही. फोटो काढतात तसं, आणि खिळाही काढतात तसंच. मी नोंदवहीत दोन्ही अर्थांनी लिहिलेलं पाहिलं आहे. ‘स्नॅपशॉट घेतला’ आणि ‘स्नॅपशॉट मिटवला’ असं लिहायला लावा.

त्याहून मोठा घोटाळा ‘डिलीट’ आणि ‘रिव्हर्ट’मध्ये होतो. डिलीट म्हटलं की नवी मुलं घाबरतात. त्यांना वाटतं, स्नॅपशॉटनंतरचं काम जाईल. होतं उलटं. डिलीटमध्ये मधले बदल मूळ डिस्कमध्ये विलीन होतात आणि व्हीएम आज आहे तसंच राहतं. काम जातं ते रिव्हर्टमध्ये, कारण तिथे स्नॅपशॉटनंतरचं सगळं टाकून यंत्र मागच्या स्थितीला जातं. बँकेच्या डेटाबेसवर दिवसभराचे व्यवहार झाल्यावर कोणी रिव्हर्ट केलं तर काय होईल याचा विचार करा. पुस्तिकेत डिलीटपुढे ‘बदल विलीन करणे’ आणि रिव्हर्टपुढे ‘बदल टाकून मागे जाणे’ असं प्रत्येक वेळी, न कंटाळता लिहा. विलीनीकरणाला वेळ लागतो आणि त्या काळात स्टोरेजवर ताण येतो, तेव्हा ते कामाच्या वेळेत करू नये, हेही तिथेच नोंदवा.

प्रतिसाद

‘तरतूद’ मात्र मला फार आवडला. अंदाजपत्रकात रस्त्यासाठी तरतूद केली म्हणून पैसा हाती आलेला नसतो. थिन प्रोव्हिजनिंगमध्येही व्हीएमला ५०० जीबी मंजूर असतात, पण डेटास्टोअरमधून जागा जाते ती लिहील तेवढीच. फक्त ‘विरल’ काढून टाका. ‘मंजूर जागा’ आणि ‘वापरलेली जागा’ असे दोन स्तंभ ठेवा. दहा टीबीच्या डेटास्टोअरवर चौदा टीबी मंजूर झालेत हे एका नजरेत दिसलं पाहिजे. डेटास्टोअर भरला की नवी जागा मागणारी व्हीएम जागच्या जागी थांबतात आणि त्यांना पुढे चालवण्याआधी जागा करावी लागते.

‘साठा’ मात्र डेटास्टोअरला चपखल नाही. साठा म्हणजे साठवलेली वस्तू, आपल्याला हवी आहे ती साठवण्याची जागा. पण एका ठिकाणी हा शब्द सोन्यासारखा आहे. धरणांच्या बातम्यांत ‘उपयुक्त साठा’ आणि ‘मृत साठा’ असे वेगळे आकडे छापतात, ते सगळे वाचतात. स्टोरेजचंही तसंच आहे. ४ टीबीच्या १२ डिस्क घेतल्या तर कागदावर ४८ टीबी होतात. रेड ६ (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची एक पद्धत) मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवण्यासाठीच्या नोंदींना जाते, उरतात ४०. उत्पादक टीबी दशमान पद्धतीने मोजतात आणि व्हीस्फिअर १०२४ च्या पटीत, म्हणून पडद्यावर ते ४० सुमारे ३६.४ दिसतात. संचालकांपुढे ‘उपयुक्त क्षमता’ असा स्तंभ ठेवा, म्हणजे ‘बारा टीबी कुठे गेले’ ही चौकशी टळेल.

जाता जाता, रेडमधल्या जादा डिस्कला ‘अतिरिक्त’ म्हणू नका. आपल्याकडे ‘अतिरिक्त शिक्षक’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेले. खर्च कमी करायला बसलेला माणूस तीच ओळ आधी खोडेल. ‘राखीव डिस्क’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘काढला’ची दुहेरी गाठ माझ्या लक्षातच आली नव्हती. अपग्रेड आणि मायग्रेशनचं काय करू? ‘उन्नयन’ मलाही परकं वाटतं.

प्रतिसाद

शासन निर्णयांत ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालयात ‘श्रेणीवर्धन’ होतं. तोच शब्द घेता येईल, पण आधी पाहा की प्रत्येक अपग्रेड खरोखर एकाच जातीचं आहे का.

व्हीसेंटर (सगळे होस्ट एका ठिकाणाहून सांभाळणारा सर्व्हर) आधी वर न्यायचा आणि मग होस्ट, कारण नवा व्हीसेंटर जुने होस्ट सांभाळतो, जुना व्हीसेंटर नवे होस्ट सांभाळत नाही. त्यानंतर व्हीएममधली टूल्स (आत बसवलेलं व्हीएमवेअरचं सहायक सॉफ्टवेअर) आणि शेवटी व्हर्च्युअल हार्डवेअर (व्हीएमला दिसणारं हार्डवेअर). या हार्डवेअरसाठी व्हीएम बंद करावं लागतं, आणि मागे यायला साधी वाट नसते. इथवर ‘आवृत्ती वाढवणे’ पुरेसं आहे, श्रेणीवर्धन कशाला?

डेटास्टोअरला मात्र ते लागू नाही. व्हीएमएफएस (डेटास्टोअरची फाइलप्रणाली) ३ वरून ५ वर जाताना जागच्या जागी आवृत्ती वाढत असे. २०११ च्या सुमारास ज्यांनी ते केलं त्यांच्या मनात अपग्रेड म्हणजे एक कळ, हे पक्कं बसलं. ५ वरून ६ वर तशी वाटच नाही. नवा डेटास्टोअर तयार करायचा, व्हीएमच्या डिस्क तिकडे हलवायच्या, मग जुना रिकामा करायचा. याला पुस्तिकेत अपग्रेड म्हणूच नका. ‘नव्या डेटास्टोअरवर हलवणे’ म्हणा, म्हणजे रिकामी जागा आधी लागते हे त्या शब्दातच येईल.

मायग्रेशनचेही दोन शब्द करा. व्हीमोशनमध्ये चालतं व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर जातं. सामायिक स्टोरेज असेल तर डिस्क जागची हलत नाही, फक्त मेमरी आणि चालू स्थिती जाते. स्टोरेज व्हीमोशनमध्ये होस्ट तोच राहतो आणि डिस्क हलते. एकाला ‘होस्ट बदलणे’, दुसऱ्याला ‘डिस्क हलवणे’. ‘सर्व्हर हलवला’ अशी नोंद कुठेही नको. सकाळी आलेल्या माणसाला काय हललं हे कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

हे तसंच घेते. अपग्रेडच्या रात्रीचं पान असं लिहिलं आहे: ‘व्हीसेंटरचा बॅकअप झाल्याची खात्री करा. व्हीएम थोडा वेळ बंद करून स्नॅपशॉट घ्या. काम तपासून झाल्यावर त्याच रात्री बदल विलीन करा. बदल टाकून मागे जाण्याआधी शाखाप्रमुखांना फोन करा.’

एकच शब्द राहिला. बॅकअपच्या वेळी व्हीएम चालू असतानाच स्नॅपशॉट घेताना ‘क्वाएस’ करायचा पर्याय येतो. त्याला ‘शांत करणे’ म्हणू का?

प्रतिसाद

‘शांत’ नको, यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं. तिथे टूल्सच्या मदतीने मेमरीत अडकलेलं लिखाण डिस्कवर उतरवतात आणि तेवढ्यापुरतं नवीन लिहिणं अडवून धरतात. विंडोजमध्ये डेटाबेसलाही त्यात सामील करून घेता येतं. ‘लिहिणे क्षणभर थोपवणे’ म्हणा. पूर थोपवतात तेव्हा नदी आटत नाही, हे आपल्याकडे कोणालाही समजतं.