बीएमआर १३२५ की १८२२? आकडा कुठला धरायचा?

सुरंगी_मालवण: मदत हवी आहे, जरा लवकर. कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये माहिती भरली तर बीएमआर १३२५ आला आणि खाली दुसराच आकडा, १८२२. भाऊ म्हणतो १३२५ च खा. वहिनी म्हणते त्याच्याखाली गेलं की शरीर चरबी धरून बसतं. मी १३०० च्या आसपासच खाते, रोज लिहून ठेवते, तरी काटा हलत नाही. डाएट चार्ट पाठवू नका, ढीग पडलेत. आकडा कुठला तेवढं सांगा.

त्रैराशिक: वय, उंची, वजन?

सुरंगी_मालवण: ॲपला सगळं दिलंय की. ४३, १५७ सेंमी, ७२ किलो.

माडाखालचो: गे बाय, तां ॲप-बिप सोड. सकाळी उकड्या तांदळाची पेज खा, वांगडा सुको बांगडो. आमच्या आयेन कधी कॅलरी मोजूक नाय.

त्रैराशिक: काका, त्या काळी पाणीही विहिरीवरून यायचं.
सुरंगीताई, गणित बरोबर आहे. मिफ्लिन-सेंट जिऑरचं सूत्र: वजनाची दहापट ७२०, उंची गुणिले ६.२५ म्हणजे ९८१, त्यातून वयाची पाचपट २१५ वजा, बायकांसाठी आणखी १६१ वजा. राहिले १३२५. हा बीएमआर, म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी होणारा कॅलरींचा खर्च: हृदय, मेंदू, यकृत, श्वास. १८२२ म्हणजे त्याला १.३७५ ने गुणलंय, कारण तुम्ही 'हलकी हालचाल' निवडली असणार. वजन आहे तिथे ठेवायला १८२२, उतरवायचं तर त्यातून तीनचारशे कमी. १३२५ हा ताटात वाढायचा आकडा नव्हे. दिवसभर काय काम असतं?

सुरंगी_मालवण: होमस्टे आहे आमचा. बसायला मिळतं कुठे?

खाडीपलीकडे: ते सूत्र १९९० सालचं, अमेरिकेतल्या माणसांवरून काढलेलं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जुन्या शिफारशींत भारतीयांचा बीएमआर पाश्चात्त्य सूत्रांपेक्षा साधारण ५ टक्के कमी धरला होता. म्हणजे १८२२ सुद्धा फुगलेला.

त्रैराशिक: धरा ५ टक्के कमी. १७३० होतील. तरी १३०० खाऊन महिनोन्महिने काटा जागच्या जागी राहणार नाही. लिहिण्यात काहीतरी सुटतंय. एक दिवसाचं खाणं सांगा.

सुरंगी_मालवण: मी खोटं लिहीत नाही हो. सकाळी दोन घावणे, चहा. दुपारी वाटीभर भात, बांगड्याचं तिखलं, एक तळलेली तुकडी, सोलकढी. रात्री भाकरी आणि दुपारचंच.

हिरवीमिरची: भात कच्च्या तांदळाच्या मापाने लिहिता की शिजलेल्या? १०० ग्रॅम तांदळाच्या ३५० कॅलरी, शिजलेल्या १०० ग्रॅम भाताच्या १३०. इथे बरेच जण फसतात. आणि वाटणाचं खोबरं लिहिता का?

सुरंगी_मालवण: भात शिजलेला. वाटण कोण लिहितं? वाटण म्हणजे मसालाच की. आणि सोलकढी पाचक असते.

हिरवीमिरची: सापडलं! ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला साधारण ३५०. तिखल्यात खोबरं, सोलकढीत नारळाचं दूध, घावण्यांबरोबर चटणीही असेलच. वर तुकडी तळायला तेल, मोठ्या चमच्याला १२०. पाचक म्हणून कॅलरी जात नाहीत.

शुद्धघाणा: नारळाला बदनाम करू नका. घाण्याच्या खोबरेल तेलाने वजन उतरतं, मी स्वतः रोज सकाळी दोन चमचे पितो.

त्रैराशिक: घाण्याचं असो की कारखान्याचं, एका ग्रॅमला ९ च कॅलरी.

शुद्धघाणा: सगळं पुस्तकी ज्ञान.

दापोलीकर_पुण्यात: होमस्टे मालवणात नेमका कुठे? मे महिन्यात खोली मिळेल का? दोन मोठे, एक लहान. आम्ही मासे खात नाही.

खाडीपलीकडे: थायरॉईड तपासलाय का, हे कोणीच विचारलं नाही.

सुरंगी_मालवण: गोळी चालू आहे, पाच वर्षं झाली. त्याचा इथे काय संबंध? मे भरलाय.

खाडीपलीकडे: संबंध म्हणजे काय! थायरॉईड कमी पडला की बीएमआर उतरतो, ॲपला ते दिसत नाही. शेवटची टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कधी केलीत?

सुरंगी_मालवण: गणपतीच्या आधी. गेल्या नव्हे, त्याआधीच्या.

खाडीपलीकडे: मग आधी ती करा आणि डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी वाढवू नका, उपाशीपोटीच घ्या, चहाबरोबर नको.

त्रैराशिक: हे पटलं. वहिनींच्या म्हणण्याबद्दल: कमी खाल्लं की शरीर थोडी काटकसर करतं, पण दुकान बंद करत नाही. तरी १३०० च्या खाली जाऊ नका, पायावर उभं राहायचंय. १४५० धरा, वाटणासकट. तीन आठवडे रोज सकाळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी बघा. खारवलेला मासा खाल्ला की दुसऱ्या दिवशी काटा पाण्यानेही वर जातो.

सुरंगी_मालवण: वाटण सगळ्या पाहुण्यांचं एकदमच होतं. माझ्या वाट्याचं कसं काढायचं?

हिरवीमिरची: खवलेलं खोबरं वाटायच्या आधी वजन करा. रिकाम्या टोपाचं वजन लिहून ठेवा, मग तिखल्यासकट टोप तोला. फरक म्हणजे सगळं तिखलं. तुमची वाटी त्याचा जितका हिस्सा, तितकंच खोबरं आणि तेल तुमच्या नावावर.

सुरंगी_मालवण: आमचा टोप त्या काट्यावर मावायचा नाही.

हिरवीमिरची: मग वाट्यांनी मोजा. टोपात किती वाट्या, त्यातल्या तुमच्या किती.

माडाखालचो: पेजेक काय तोलूचा लागत नाय.