एकच लेखक सांगा, आणि का ते सांगा

पोहेजिलेबी

मंडळी, मी इंदूरची. घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची. त्यामुळे माझं मराठी वाचन म्हणजे बाबांच्या कपाटातलं: पुलं, वपु आणि 'मृत्युंजय'. ते सगळं झालं, काही दोन-तीनदा झालं. पुढे कोण, हे समजत नाही. 'मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत' छाप याद्या भरपूर सापडतात, त्या कृपया नकोत. प्रत्येकाने आपला एकच लेखक किंवा लेखिका सांगा. का आवडते आणि पहिलं पुस्तक कोणतं घेऊ, एवढंच. बोली फार जड असेल तर आधी सांगून ठेवा. ऐतिहासिक कादंबऱ्या तूर्तास नकोत, पोट भरलंय.

खारीबुडवा

व्यंकटेश माडगूळकर. 'बनगरवाडी'. छोटी आहे, रविवारी दुपारी हातात घेतलीत तर रात्रीपर्यंत संपेल.

का आवडतात? कारण हा माणूस वाचकाला ढकलत नाही. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे एक पोरगेला मास्तर येतो. शाळेत पोरं नाहीत, कारण ती मेंढरांमागे. मग मास्तर कुणाची पत्रं लिही, कुणाची भांडणं सोडव, असं करत हळूहळू वाडीचा होतो. गावाकडून श्रमदानाने तालीम बांधून घेतो, उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. दुसरा कोणी असता तर तिथेच कादंबरी संपवून टाळ्या घेतल्या असत्या. इथे त्यानंतर दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, आणि लेखक एकदाही गळा काढत नाही. माडगूळकर चित्रंही काढायचे, ते लिहिण्यात दिसतं. चार रेघांत माणूस उभा.

बोलीचं म्हणाल तर संवाद माणदेशी आहेत, निवेदन साधं. पाच-दहा पानांत कानाला सवय होते.

शेवटची_लोकल

+१ माडगूळकरांना. फक्त त्यानंतर लगेच 'सत्तांतर' घेऊ नका. साहित्य अकादमी मिळालेली आहे, पण ती वानरांच्या टोळ्यांची गोष्ट, 'बनगरवाडी'च्या धुंदीत उघडली तर गोंधळायला होतं. मध्ये 'माणदेशी माणसं' येऊ द्या.

आडवाटे

जी. ए. कुलकर्णी. दुसरं नाव नाही.

त्यांचं वाचायचं तर कुठून सुरू करताय यावर सगळं आहे. लोक कौतुकाने 'काजळमाया' हातात देतात, कारण तिला १९७३चा अकादमी पुरस्कार होता (जो जीएंनी प्रकाशनवर्षाच्या वादानंतर परत केला). किंवा त्याहून वाईट, 'रमलखुणा' देतात. तिच्यात दोनच कथा, दोन्ही लांबलचक, रूपकांनी भरलेल्या. नवा वाचक तिसाव्या पानावर गार. मग आयुष्यभर 'जीए अवघड बुवा' म्हणत फिरतो.

मी म्हणेन, 'पिंगळावेळ' घ्या आणि त्यातली 'कैरी' आधी वाचा. आई गेलेलं पोर मावशीकडे येतं. मावशीचा जीव आहे त्याच्यावर, पण घरात तिचं काही चालत नाही. एवढीच गोष्ट. अमोल पालेकरांनी तिच्यावर सिनेमाही केलाय, पण कथा आधी. जीएंची धारवाड-बेळगावकडची घरं, त्यातल्या कुढणाऱ्या बायका, हरलेले कारकून हे एकदा ओळखीचे झाले की त्यांच्या त्या रूपककथांमध्येही तीच माणसं भेटतात, फक्त कपडे बदलून. मला जीए आवडतात ते यासाठी की ते दुःखाला कारण चिकटवत नाहीत. नियती म्हणतात आणि पुढे जातात. वाचताना राग येतो, पण पुस्तक खाली ठेववत नाही.

खारीबुडवा

आडवाटे, जीए ग्रेटच, पण वपुंनंतर थेट जीए म्हणजे आयसीयूत भरती. जरा दमाने.

बेळगावी_मिरची

धारवाड-बेळगाव म्हणालात म्हणून आलेच! प्रकाश नारायण संत. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चार पुस्तकं, याच क्रमाने. इंदिरा संतांचे हे चिरंजीव, व्यवसायाने भूशास्त्राचे प्राध्यापक, कऱ्हाडला. 'वनवास' पुस्तकरूपाने १९९४ साली आलं, तेव्हा पन्नाशी कधीच उलटली होती, आणि लिहिलंय शाळकरी पोराच्या डोक्यात बसून.

आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन. त्याच्या डोक्यात सतत काहीतरी चालू असतं आणि सगळं 'मॅडसारखं' असतं. आजीचं कन्नड हेल असलेलं मराठी, शेजारची सुमी, रेल्वेचे रूळ, गाणं शिकवणारे मास्तर. लहान मुलांवर लिहिताना लेखक एकतर गोड गोड होतात किंवा मुलाच्या तोंडून मोठ्यांचं शहाणपण वदवतात. संत दोन्ही करत नाहीत. लंपनला जे कळत नाही ते वाचकाला कळतं, आणि तिथेच घशात आवंढा येतो. (आमच्या गावाकडचं म्हणून मी पक्षपाती आहे, ते सोडून द्या.)

वाचू_आनंदे_७७

पेंडसे, दळवी, खानोलकर, नेमाडे, सारंग, श्याम मनोहर, बोकील, पठारे, गवस, सदानंद देशमुख, सानिया, मेघना पेठे.

शेवटची_लोकल

@वाचू_आनंदे, ताई म्हणाल्यात याद्या नकोत, आणि तुम्ही वाण्याची यादी टाकलीत. :) एक निवडा आणि का ते लिहा की!

माझा लेखक: जयंत पवार. मी गिरणगावात वाढलो, त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नये. १९८२च्या गिरणी संपावर भाषणं खूप झाली, पण संप घरात शिरतो तेव्हा जेवणाच्या ताटाचं, थोरल्या-धाकट्याच्या बोलण्याचं, लग्नाला आलेल्या पोरीचं काय होतं ते त्यांच्या 'अधांतर' नाटकात आहे. कथांमध्ये ते आणखी पुढे गेले. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' घ्या, २०१२चा अकादमी पुरस्कार याच संग्रहाला. गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला, पण माणसं कुठे गेली, हा प्रश्न ते पोलिसी तपासासारखा, कधी अफवेसारखा, कधी चक्क भुताच्या गोष्टीसारखा सांगतात. चाळीतली भाषा जशीच्या तशी, शिव्यांसकट. बाबांसमोर मोठ्याने वाचू नका. २०२१मध्ये ते गेले, अजून दोन-तीन संग्रह तरी यायला हवे होते असं राहून राहून वाटतं.

मीठभाकर

बाबूराव बागूल यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून टंकतोय. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. दलित आत्मकथनांच्या लाटेच्या कितीतरी आधीचं पुस्तक. शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला एक शिकलेला तरुण जात लपवून खोली घेतो. पुढचं सांगत नाही. बागूलांची वाक्यं लांब, तापलेली, कधीकधी वक्तृत्वाकडे झुकणारी आहेत. माडगूळकरांच्या बरोब्बर उलट. मला तो ताप आवडतो. सलग वाचू नका, एका दिवसाला एक कथा.

सईबाई_सांगते

सगळे पुरुषच? गौरी देशपांडे. 'एकेक पान गळावया', तीन दीर्घकथा आहेत. इरावती कर्व्यांची लेक, महर्षी कर्व्यांची नात. हे वाचून वाटेल की बाई समाजसुधारणा सांगणार. अजिबात नाही. तिच्या नायिका लग्नात, लग्नाबाहेर, परदेशात, म्हातारपणात स्वतःला काय हवंय हे शोधतात आणि त्याबद्दल माफी मागत नाहीत. विनोदबुद्धी तिरकस, आणि मराठीत इंग्रजी इतकं सहज मिसळतं की तुम्हाला बोलीची अडचण मुळीच येणार नाही.

मीठभाकर

सईबाई, लेखिका मोठी, मान्य. पण तिच्या नायिकांना महिनाअखेरीची चिंता कधी असते का? प्रश्न सगळे भरल्या पोटाचे.

सईबाई_सांगते

असतील. म्हणून खोटे ठरतात का? आणि याच बाईंनी अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणलेत, तेही जरा चाळा. गरिबीवर वाचायचंच असेल तर विभावरी शिरूरकरांची 'बळी' सुचवते. सोलापूरच्या वसाहतीत 'गुन्हेगार जमात' ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या मांगगारुड्यांवर १९५० साली एका बाईने लिहिलेली कादंबरी. एकच लेखक म्हणाला होतात, मी दोन सांगितल्या, काय ते करा.

डॉ_आरामखुर्ची

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि त्यांचे यजमान विश्राम बेडेकर माझे लाडके. 'रणांगण', १९३९. दुसरं महायुद्ध पेटायच्या बेतात असताना युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीत जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि चक्रधर व हॅर्टा. अशी दुसरी कादंबरी त्यांनी लिहिलीच नाही, त्यामुळे 'सगळा लेखक वाचला' म्हणायची सोय स्वस्तात होते.

पोहेजिलेबी

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, धाग्याची वाचनखूण साठवली आहे. 'बनगरवाडी' आणि 'वनवास' आजच मागवली. लंपनवरची मालिका पाहिली होती, पण ती पुस्तकांवरून आहे हे लक्षातच आलं नव्हतं. 'फिनिक्स' तिसरं. गौरी देशपांडेंचं मावशीकडे सापडलं, तिने 'परत कर' या अटीवर दिलंय. जीए पावसाळ्यात काढीन म्हणते, की पावसाळ्यात तर मुळीच नको?

आडवाटे

पावसाळ्यात तर मुळीच नको. मे महिन्यात, भर दुपारी, घरात चार माणसं असताना.

वाचू_आनंदे_७७

बरं, एक निवडलं: श्याम मनोहर. का ते सावकाश लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.