व्हीएफएक्सच्या नोकरीसाठी कोडिंग स्पर्धा : निवड नेमकी कशाची होते?

मालाडकर

परवा इथेच एकांनी बातमी दिली की मुंबईतल्या एका मोठ्या व्हीएफएक्स (सिनेमातली संगणकावर केलेली दृश्यं) स्टुडिओने पदवीधरांसाठी ऑनलाइन कोडिंग स्पर्धा ठेवली आहे. दीड तास, चार प्रश्न, आणि वरच्या क्रमांकाच्या मुलांना पाइपलाइन टीडी (टेक्निकल डायरेक्टर, म्हणजे शॉट एका विभागातून दुसऱ्यात नीट जावा म्हणून टूल्स लिहिणारा) म्हणून प्रशिक्षणार्थी जागा. बातमीबद्दल तक्रार नाही. पण खाली त्यांनी शोरीलबद्दल, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओबद्दल, लिहिलंय, "शोरील बनवत बसायचे दिवस गेले, ज्याला कोड येतो तोच या धंद्यात टिकणार." हे वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी बरीच वर्षं पाइपलाइनमध्येच आहे. कोड लिहूनच पोट भरतो, त्यामुळे कोडिंगला माझा विरोध असायचं कारण नाही. विरोध आहे तो काय तपासलं जातंय याला. स्पर्धेचे नमुना प्रश्न मी पाहिले. लिंक्ड लिस्ट उलटी करा, नाण्यांची सुटी रक्कम कमीत कमी नाण्यांत द्या, अक्षरांच्या दोन ओळींतली सर्वांत लांब समान उपमालिका शोधा. हेच प्रश्न बँकेचं सॉफ्टवेअर करणारी कंपनीही विचारते. यात चित्र कुठे आहे?

आमच्याकडे सकाळी काय होतं ते सांगतो. एक शॉट, फ्रेम 1001 ते 1148. रात्रभर फार्मवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, रेंडर झाला (त्याची अंतिम चित्रं तयार झाली). सकाळी कंपोझिटर (चित्राचे थर जोडणारा) फाइल उघडतो तर मधल्या काही फ्रेम शून्य बाइटच्या, एक अर्धवट लिहिलेली, आणि एक पूर्ण आहे पण तिच्यात मोशन ब्लर (हालचालीमुळे दिसणारा धूसरपणा) नाही. पहिल्या दोन भानगडी वीस ओळींच्या पायथनने सापडतात. तिसरी सापडायला ती फ्रेम शेजारच्या फ्रेमच्या बाजूला ठेवून बघावी लागते. दुसरं उदाहरण, आमच्या त्रिमितीय सॉफ्टवेअरचं: मायात वाय अक्ष वर आणि एकक सेंटिमीटर, हूडिनीत एकक मीटर, अनरिअलमध्ये झेड वर. सेट इकडून तिकडे गेला की शंभरपट मोठा होतो किंवा आडवा पडतो. तिसरं: लिनिअर ईएक्सआरवर (प्रकाशाचं खरं मोजमाप ठेवणारी चित्रफाइल) कुणीतरी दोनदा गॅमा (उजळपणाची दुरुस्ती) लावला, सगळा शॉट दुधाळ झाला, आणि डेलीजमध्ये (रोजच्या शॉट-पाहणीत) सुपरवायझर लायटिंगवाल्या मुलीवर ओरडतोय. चूक तिची नाही, स्क्रिप्टची आहे, हे ज्याला चटकन दिसतं तो आम्हाला हवा.

या क्षेत्रात कोडने मोठं काम केलेली माणसं आठवा. केन पर्लिन. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावरची चित्रं फार यांत्रिक, गुळगुळीत दिसतात हे त्यांना खटकलं, त्यातून त्यांचा नॉइस (नैसर्गिक वाटणारा अनियमितपणा देणारं गणित) आला आणि 1997 मध्ये त्याला अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आजही धूर, दगड, पाणी, जे करायला घ्याल त्यात तो आहे. आधी डोळ्याला खटकलं, मग कोड आला. दीड तासाच्या परीक्षेत ही खटक तपासता येते का? येते, प्रश्न शॉटमधून काढले तर. ते कष्ट कुणी घेत नाही, कारण तयार प्रश्नसंच विकत मिळतात.

विदर्भवासी

तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण ते मालाडमध्ये बसून पटतं. मी यवतमाळकडचा, बीएस्सी संगणकशास्त्र. आमच्या कॉलेजात शोरील हा शब्द मी तिसऱ्या वर्षी ऐकला. चांगलं शोरील करायचं तर ग्राफिक्स कार्ड लागतं, शिकवणारा लागतो, आणि "अमुक सरांकडे पाठव" म्हणणारी ओळख लागते. यातलं काहीही माझ्याकडे नाही. स्पर्धेला काय लागतं? जुना लॅपटॉप आणि दीड तास टिकणारं नेट. कॉलेजचं नाव विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कोडवर जोखणार आहे, आणि तुम्ही म्हणता यात चित्र कुठे आहे. चित्र नंतर शिकेन की! आधी दारात तर येऊ द्या.

नोडग्राफ

मालाडकर, सीजीवाल्यांची (संगणकावर चित्रं करणाऱ्यांची) ही जुनी सवय आहे. अल्गोरिदम म्हटलं की कपाळाला आठ्या. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरचा नोड ग्राफ म्हणजे काय? दिशा असलेला, चक्र नसलेला ग्राफ. आधी सिम्युलेशन, मग रेंडर, मग कॉम्प, हा फार्मवरचा क्रम कसा लागतो? टोपोलॉजिकल सॉर्टने, म्हणजे कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते बघून. किरण कोणत्या त्रिकोणावर आदळला हे दर वेळी सगळे त्रिकोण तपासून शोधलं असतं तर एक फ्रेम निघायला आयुष्य गेलं असतं. तिथे बीव्हीएच नावाचं झाड (डेटाची फांद्या-फांद्यांची रचना) लागतं. ड्रीमवर्क्स स्टुडिओने 2012 मध्ये सर्वांना खुलं केलेलं ओपनव्हीडीबी हे सॉफ्टवेअर सगळा धूर आणि ढग पेलतं ते उथळ, रुंद झाडाच्या रचनेवर. ज्याला लिंक्ड लिस्ट उलटी करता येत नाही त्याच्या हातात मी फार्म देणार नाही. गॅमा दोनदा लागला हे दोन आठवड्यांत शिकवता येतं. डेटा स्ट्रक्चर दोन आठवड्यांत शिकवून दाखवा.

मालाडकर

बीव्हीएच आणि टोपोलॉजिकल सॉर्टचं मान्य. मग प्रश्नपत्रिकेत तेच घाला ना! "ही शंभर जॉबची यादी, ही त्यांची अवलंबित्वं, क्रम लावा आणि कोणता जॉब अडला तर किती शॉट थांबतील ते सांगा." तुमचा ग्राफही तपासला जाईल आणि आमचं कामही. नाण्यांची सुटी कशाला? आणि गॅमा दोन आठवड्यांत शिकवता येतो हे तुम्ही कुणाला शिकवून म्हणताय? मला पाच वर्षं काम केलेले लोक माहीत आहेत ज्यांना लिनिअर आणि लॉग (उजळपणा साठवायच्या दोन पद्धती) यांतला फरक अजून विचारावा लागतो.

विदर्भवासी, तुमच्यावर माझा रोख नाही. ब्लेंडर फुकट आहे, पायथन त्याच्या आतच आहे, आणि साध्या मशीनवर छोटं काही करून दाखवता येतं. तेही शोरीलच.

विदर्भवासी

ब्लेंडर फुकट आहे हे सांगणारे तुम्ही पहिले नाही. चार जीबी रॅमवर उघडून बघा एकदा.

रात्रपाळी

सगळे प्रश्नपत्रिकेवर भांडताय. नियमावली कुणी शेवटपर्यंत वाचली का? खाली बारीक अक्षरात आहे: निवड झालेल्यांना दोन वर्षांचा बाँड. प्रशिक्षणाच्या काळात स्टायपेंड "कंपनीच्या धोरणानुसार". आकडा नाही. मध्येच सोडलं तर किती भरायचे तो आकडा मात्र आहे.

मी रोटो-पेंटमधून (फ्रेममधल्या आकृती हाताने वेगळ्या काढायचं, नको ते पुसायचं काम) आलो. पुण्यात एका संस्थेत घरच्यांनी कर्ज काढून फी भरली, शंभर टक्के प्लेसमेंटची पाटी बघून. प्लेसमेंट म्हणजे एका छोट्या स्टुडिओत रात्रपाळी, तीन महिने बिनपगारी "ट्रेनिंग", आणि रुजू होताना बारावीची व पदवीची मूळ गुणपत्रिका जमा. वडील आजारी पडले तेव्हा मला गावी जायचं होतं. एचआरने सांगितलं, आधी पैसे भरा मग कागद न्या. ते कागद सुटेपर्यंत मी कुठे दुसरा अर्जही करू शकलो नाही. तेव्हापासून कुणी स्पर्धा, बूटकॅम्प, अकादमी म्हटलं की मी आधी करार मागतो.

नोडग्राफ

तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण बाँड म्हटला की शोषण, हे सरसकट बरोबर नाही. स्टुडिओ सहा महिने शिकवतो, सीनिअर माणसाचा वेळ देतो, लायसन्स देतो, आणि सातव्या महिन्यात मुलगा समोरच्या इमारतीत पाच हजार जास्त म्हणून उडी मारतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा बाँड वैध ठरवला.

रात्रपाळी

बँकेचा! जिथे पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार, पीएफ, आणि परीक्षा देऊन मिळालेली कायम नोकरी. त्याची तुलना बिनपगारी रोटोशी करताना काहीच वाटलं नाही का तुम्हाला? करार कायद्याचं कलम 74 वाचा. भरपाई वाजवी हवी, कागदावर लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे, आपोआप वसूल करायचा आकडा नाही. आणि मूळ गुणपत्रिका अडकवणं हे कुठल्या प्रशिक्षणाच्या खर्चात बसतं ते सांगा.

नोडग्राफ

गुणपत्रिका अडकवणं चूकच. त्याचं समर्थन मी केलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका.

रात्रपाळी

केलं नाहीत, पण त्यावर अवाक्षरही न काढता थेट मालकाची बाजू मांडलीत. आम्ही हेच बघत आलोय.

सायली_रिगर

बाँडवर लिहायचं होतं, रात्रपाळी यांनी माझ्यापेक्षा नीट लिहिलं. मला पात्रतेच्या ओळीबद्दल बोलायचंय. "अभियांत्रिकी, बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा आयटी." बस. मी कला महाविद्यालयातून आले, उपयोजित कला. रिगिंगला (पात्राला हलवणारा सांगाडा बसवायच्या कामाला) लागले तेव्हा पायथनचा प सुद्धा माहीत नव्हता. एका चार पायांच्या प्राण्याच्या रिगमध्ये खांदा विशिष्ट कोनात गेला की उलटा फिरायचा. शेजारी बसणाऱ्या टीडी दादाने कागदावर तीन कड्या काढून गिंबल लॉक (फिरण्याचे दोन अक्ष एकावर एक येऊन अडकणं) समजावला, मग क्वाटर्निअन (फिरणं मांडायची दुसरी पद्धत). त्या आठवड्यात मी पहिली स्क्रिप्ट लिहिली, कारण ते खांद्याचं फिरणं माझ्याच्याने बघवत नव्हतं. आज माझी टूल्स अख्खी टीम वापरते. पण ही स्पर्धा मला आत घेणार नाही. मालाडकर, तुम्ही प्रश्नांवर एवढं लिहिलंत, या ओळीवर एक शब्द नाही.

मालाडकर

ताई, बरोबर आहे. ती ओळ प्रश्नांपेक्षा जास्त घातक आहे.

थेम्सकाठ

इकडचं, इंग्लंडमधलं सांगतो, कारण हा वाद इथे होऊन गेलाय. 2011 मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्ह या व्हीएफएक्स स्टुडिओचे सहसंस्थापक ॲलेक्स होप आणि गेम उद्योगातले इयन लिव्हिंगस्टन यांनी एक अहवाल दिला. शाळेत संगणक म्हणजे वर्ड आणि एक्सेल शिकवतात, त्यामुळे आम्हाला माणसं मिळत नाहीत, असा त्यांचा सूर होता. 2014 च्या सप्टेंबरपासून इंग्लंडच्या शाळांत नवीन संगणन विषय आला, त्यामागे या अहवालाचाही रेटा होता. पण त्या अहवालात कला आणि विज्ञान एकत्र शिकवा हेही होतं. बोर्नमथ विद्यापीठात तर 1989 पासून कम्प्युटर ॲनिमेशनचं केंद्र आहे, तिथली मुलं गणित, कोड आणि चित्र एकाच छताखाली शिकतात. आपल्याकडे बारावीनंतर मुलाला उचलून एका कप्प्यात टाकतात आणि नंतर स्टुडिओ तक्रार करतो की दोन्ही येणारा मिळत नाही.

गोदाकाठ

माझा मुलगा या स्पर्धेला बसायचं म्हणतोय, म्हणून सगळं वाचलं. मला एकच विचारायचंय. 2013 मध्ये ऱ्हिदम अँड ह्यूज या व्हीएफएक्स स्टुडिओने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्यांच्या कामाला ऑस्कर मिळालं. 2025 च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही व्हीएफएक्स कंपनी कोसळली, भारतातली हजारो माणसं एका झटक्यात घरी बसली. अशा धंद्यात स्पर्धा जिंकून तरी काय मिळवायचं?

नोडग्राफ

काका, म्हणूनच कोड यावा. स्टुडिओ बुडाला तर रोटोवाल्याला दुसरा स्टुडिओच शोधावा लागतो, आणि 2021 मध्ये न्यूकमध्ये कॉपीकॅट हे नमुन्यांवरून शिकणारं टूल आल्यापासून रोटोचं कामही मशीनकडे सरकतंय. पाइपलाइनवाला उद्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत जाऊ शकतो.

मालाडकर

म्हणजे अखेर तुम्हीच म्हणताय की ही परीक्षा व्हीएफएक्स सोडून जाऊ शकणारी माणसं निवडते! ज्यांचं मन चित्रात नाही त्यांना आत घ्यायचं, आणि ती दोन वर्षांत पळू नयेत म्हणून बाँड लावायचा.

नोडग्राफ

हे शब्दांचे खेळ आहेत. तरी एवढं कबूल करतो, निम्मे प्रश्न शॉटमधून काढले तर माझी हरकत नाही. निम्मेच. आणि कलेच्या मुलांना बसू द्या, पण गुणांत सवलत नको.

सायली_रिगर

सवलत मागितली कुणी?

विदर्भवासी

तुमचं मिटेल तेव्हा मिटेल. माझी फेरी रविवारी आहे आणि मी बसणार आहे. मालाडकर, एवढं लिहिलंत तर हे सांगा, पास झालो तर मुलाखतीत काय विचारतील?

मालाडकर

बसा, बेलाशक बसा. मुलाखतीसाठी डॉट आणि क्रॉस प्रॉडक्ट (सदिशांचे दोन गुणाकार) पाठ करू नका, कागदावर काढून समजून घ्या. पृष्ठभाग कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे का हे डॉटने कसं कळतं ते सांगता आलं पाहिजे. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम बदलला की काय बिघडतं ते बघा. हाफ फ्लोट म्हणजे किती बिट आणि ईएक्सआरमध्ये तो का वापरतात ते वाचा. लिनक्सच्या टर्मिनलवर फाइलांचा क्रम तपासणारी, हरवलेल्या फ्रेम सांगणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा आणि मुलाखतीत दाखवा. त्याला चार जीबी रॅम पुरते. अडलात तर इथेच विचारा, रात्री उशिरा असतो मी.

रात्रपाळी

आणि निवड झाली तर सही करण्याआधी कराराची प्रत घरी घेऊन जा. स्टायपेंडचा आकडा लेखी माग. मूळ गुणपत्रिका मागितली तर साक्षांकित प्रत पुढे कर, मूळ देऊ नकोस. नोडग्राफ काय म्हणतील ते म्हणोत.