पर्ज व्हॉल्व्हचे ओहम बरोबर, नवा बसवला तरी पी ०४४४ परत येतोय

पेट्रोलपंप्या
बीएस ६ पेट्रोल हॅचबॅक आहे. चेक इंजिन लाइट लागते, स्कॅनरवर पी ०४४४. गॅरेजमध्ये पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) नवा टाकला, पण कोड पुसला तरी परत येतो. मोजलेलं असं: व्हॉल्व्ह थंड असताना दोन पिनांमध्ये २६ ओहम, पिन ते बॉडी ओपन, म्हणजे जोड नाही. बॅटरीवर थेट लावला की टक् वाजतो. कनेक्टर काढून इग्निशन ऑन केलं तर एका पिनवर १२.३ व्होल्ट, दुसऱ्यावर २ च्या आसपास. फ्यूज शाबूत. मेकॅनिक म्हणतो ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) गेला. खरंच त्यावर खर्च करू का?

ओहमपट्टी
ईसीयूचं नाव सगळ्यात शेवटी. पी ०४४४ म्हणजे ईसीयूला सर्किट तुटलेलं दिसतंय, व्हॉल्व्ह खराब आहे असं तो म्हणत नाही. तुमची कॉइल ठीक आहे. २० ते ३० ओहम बहुतेक गाड्यांत चालतं, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

त्या १२.३ व्होल्टवर मात्र भरवसा ठेवू नका. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, त्यामुळे तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तुमची कॉइल जवळजवळ अर्धा अँपिअर ओढते, तेवढा लोड देऊन बघा. ५ वॅटचा पार्किंग बल्ब घ्या, तोही साधारण तेवढंच ओढतो. एक टोक सप्लाय पिनला (१२.३ वाली), दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब लागलेला असतानाच पिनवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं तर दोष सप्लायमध्ये. मग मीटरचा लाल प्रोब बॅटरी पॉझिटिव्हवर ठेवून काळा क्रमाने फ्यूज, रिलेची बाहेरची पिन, कनेक्टर असा सरकवा. आकडा जिथे एकदम उडी मारतो, त्याच्या अलीकडच्या तुकड्यात गंज किंवा सैल पिन.

पिनेत जाड प्रोब खुपसू नका. फीमेल टर्मिनल फाकतं आणि नवाच दोष तयार होतो.

हार्नेसदादा
वरच्यांशी सहमत. आता ईसीयूकडची बाजू. तुम्हाला दिसलेले २ व्होल्ट म्हणजे ईसीयूने निदानासाठी सोडलेला बारीक बायस, म्हणजे छोटं व्होल्टेज. तार पूर्ण तुटलेली असती तर ते दिसलेच नसते. म्हणजे तार कुठेतरी अर्धवट आहे, नाहीतर पिन पकडत नाही.

कनेक्टर परत लावा आणि कंट्रोल वायरला (व्हॉल्व्हपासून ईसीयूकडे जाणारी, २ व्होल्टवाली) मागून बारीक पिन सरकवून मोजा. इग्निशन ऑन, इंजिन बंद: बॅटरीइतकं व्होल्टेज आलं पाहिजे, कारण ते कॉइलमधून येतं. शून्य आलं तर कंट्रोल वायर अर्थला टेकलेली, २ च्या आसपासच आलं तर सप्लाय तुटलेला. मग इंजिन पूर्ण गरम करून आयडलवर ठेवा. स्कॅनरमध्ये ‘कमांडेड इव्हॅपोरेटिव्ह पर्ज’ नावाचा आकडा (ईसीयू व्हॉल्व्ह किती उघडायला सांगतोय तो) स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरवरही बहुधा दिसतो. कमांड ३० टक्के असेल तर व्हॉल्व्ह ३० टक्के वेळ अर्थ होतो, म्हणून मीटरवर सरासरी १३.९ (इंजिन चालू असतानाचं बॅटरी व्होल्टेज) च्या जागी साधारण ९.५ ते १० यायला हवं. कमांड आहे आणि आकडा १३.९ वरून हलतच नाही, तर ईसीयूचं अर्थिंग व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाहीये.

या बाजूला २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावू नका, तो पावणेदोन अँपिअर खेचतो. ५ वॅटचाही थंड फिलॅमेंट सुरुवातीला कित्येक पट करंट ओढतो. इथे व्हॉल्व्हच लोड राहू दे.

पेट्रोलपंप्या
बल्ब झकास लागला, पिनवर १२.० आणि बॅटरीवर १२.२. गरम आयडलवर कमांड २८ टक्के, कंट्रोल वायरवर १०.१. पण एअर फिल्टरच्या डब्यामागे हार्नेस (तारांचा जुडगा) हलवला की १३.९ वर जाऊन अडकतो, परत हलवला की १०.

हार्नेसदादा
सापडलं. बॅटरी निगेटिव्ह काढा, डबा बाजूला घ्या, हार्नेसची टेप सोला. क्लिप किंवा ब्रॅकेटखाली तार घासलेली, नाहीतर उंदराने कुरतडलेली सापडेल. बाहेरून इन्शुलेशन शाबूत असून आत हिरवी भुकटी झालेलीही असते. तार बोटांत वाकवून बघा, तुटलेली जागा मऊ लागते. खराब भाग दोन्हीकडे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, त्याच जाडीची ऑटो वायर क्रिम्प करून जोडा, वर गोंदवाली हीट श्रिंक चढवा. पिळा मारून काळी टेप गुंडाळली तर पहिल्या पावसाळ्यात पाणी आत जातं. ईसीयूचा प्लग काढून टोक ते टोक १ ओहमच्या आत आलं पाहिजे, हार्नेस हलवतानाही.

ओहमपट्टी
दुरुस्तीनंतर एकदा गरम व्हॉल्व्हचेही ओहम मोजा. २६ चे ८० अंशाला ३२ झाले तर घाबरू नका, तांब्याचा रोध तापल्यावर वाढतोच. गरम झाल्यावर ओपन दाखवला तरच कॉइल दोषी.

आणि पुढे कधी पी ०४९६ आला तर मीटर बाजूला ठेवा. तो कोड सर्किटचा नाही, जास्त पर्ज फ्लोचा आहे. करंट नसताना व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. तो काढून नळीतून फुंकल्यावर हवा आरपार गेली तर आत कचरा अडकलाय. अशी गाडी पेट्रोल भरल्यावर लगेच स्टार्ट व्हायला त्रास देते. व्हॉल्व्ह बॅटरीवर वाजवून बघायचा असेल तर गाडीपासून लांब, मोकळ्या हवेत. त्यात पेट्रोलची वाफ असते आणि तार लावताना ठिणगी उडतेच.