जर्मनीला निघालेल्या नर्सेसनो, नोकरी सोडून भाषा शिकायची की थोडक्या भाषेवर निघायचं?

सिस्टर_सांगली
माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. नऊ वर्षं आयसीयूत काढली, सध्या पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या वॉर्डात जर्मनीशिवाय विषय नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बी-टू (जर्मन भाषेची पातळी, ए-टू आणि बी-वन तिच्या खालच्या) झाल्याशिवाय विमानात बसू नये, आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागली तर सोडावी. रात्रपाळी करून सकाळी क्लासला बसलं की डोक्यात काही शिरत नाही. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत, पण चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, आपला काटा तिकडे स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी! हे अर्धवट झोपेत पाठ होत नाही. पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचं ठरवलंय.

रात्रपाळी
ताई, राजीनामा देऊ नका. घरभाडं, हप्ते, क्लासची फी, परीक्षेची फी, सगळं साठवलेल्या पैशातून जाणार. सहा महिन्यांत बी-टू झालं नाही की माणूस घाबरतो आणि मिळेल त्या करारावर सही करतो. माझ्या दोन मैत्रिणींचं हेच झालं.

गोएथे या जर्मन भाषा-संस्थेच्या बी-वन आणि बी-टू परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. जो राहिला तेवढाच परत द्यायचा. मी बी-वन असंच ड्यूटी सांभाळून काढलं. मेट्रनशी बोलून तीन महिने फक्त सकाळपाळी मागून घेतली, त्याबदल्यात दिवाळीत सुट्टी घेतली नाही.

नेकारकाठी
मी तीन वर्षं श्टुटगार्टजवळ आहे. मला तुम्हा दोघींचंही पटत नाही. बी-टूसाठी तिकडे दोन वर्षं कशाला घालवायची? १ मार्च २०२४ पासून ‘अनेरकेनुंग्सपार्टनरशाफ्ट’ची, म्हणजे मालकासोबत मान्यता मिळवण्याची, वाट खुली आहे. हातात नोकरीचा करार आणि ए-टू भाषा असली तर येता येतं, पदवीची मान्यता इथे आल्यावर मिळवायची.

मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम आणि पगारही तसाच, हे मात्र मनाशी धरून या. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं, भरवणं नातेवाईक नाहीतर मावशी करतात. इथे ते नर्सचंच काम. व्हेंटिलेटर सांभाळणारी मी, पहिले चार महिने रोज सकाळी कोमट पाण्याचं भांडं आणि दोन फडकी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. फार लागलं मनाला. पण त्याच खोल्यांत एक श्वाबिश, म्हणजे इथली बोली, बोलणारी आजी होती. तिची पाठ पुसता पुसता जे शिकले ते कुठल्या क्लासात मिळालं नसतं.

परत_आले
नेकारकाठी, तुमची आजी प्रेमळ होती. माझ्या वाट्याला फोन आला. मी बी-वनवर एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात गेले होते. एका रात्री डॉक्टरांनी फोनवर एका म्हातारबाबांच्या इन्सुलिनबद्दल सांगितलं. जर्मनमध्ये औषध सुरू करणं ‘आनझेत्सेन’ आणि बंद करणं ‘आबझेत्सेन’. बोलताना क्रियापद तुटतं, ‘झेत्सेन’ सुरुवातीला येतं आणि ‘आन’ की ‘आब’ ते वाक्याच्या शेवटी. मला इन्सुलिन ऐकू आलं, झेत्सेन ऐकू आलं, शेवट गेला. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते ओरडले. ‘आब’ होतं, म्हणजे बंद करा. हात कितीतरी वेळ थरथरत होते. चौदा महिन्यांनी मी परत आले. बी-टूशिवाय जाऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

नेकारकाठी
वाचून वाईट वाटलं. पण मान्यता न मिळालेल्या बाईला रात्री तोंडी सूचना घ्यायला लावणं ही त्या मालकाची चूक, तुमच्या भाषेची नव्हे. म्हणून तर म्हणते, मालक पारखून घ्या. रात्री सोबत पात्र नर्स असेल का, हे मुलाखतीतच विचारा.

परत_आले
मालकाची चूक होती, मान्य. पण जीव त्या म्हातारबाबांचा होता.

रात्रपाळी
पैशांचंही सांगते. एजंट लाखांत रक्कम मागत असेल तर उठून या. परदेशी नर्सेसच्या भरतीसाठी जर्मनीत सरकारी मानचिन्ह आहे, ‘फेअरे आनव्हेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’. त्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा, नर्सने नाही. ते चिन्ह आहे का, आधी विचारा.

नातवाची_आजी
माझी सून गेल्या वर्षी गेली, नातू माझ्याकडे आहे. भाषेवर एवढं बोललात, पण लेकरू किती महिने मागे राहणार हे कुणी विचारलं नाही. माझं मत नेकारकाठीच्या उलट आहे. मदतनीसाच्या पगारात घर घेऊन मुलाला बोलावणं जमत नाहीये. वर्ष जास्त लागलं तरी चालेल, ते वर्ष आईने मुलाजवळ काढावं.

सिस्टर_सांगली
आजी, माझी मुलगी चार वर्षांची आहे. तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

राजीनामा देत नाही. रात्रपाळीताई, तुम्ही सांगितलंत तसं सकाळपाळी मागायला उद्या मेट्रनना भेटते. नेकारकाठी, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण बी-टूवर मी ठाम आहे, त्या फोननंतर तर जास्तच. परत_आले, एक विनंती. आठवड्यातून एकदा फोनवर डॉक्टर होऊन मला जर्मनमध्ये औषधं सांगाल का? भराभर बोला, शेवट गिळून बोला. मी लिहून घेईन आणि परत वाचून दाखवीन.