दीड लाखाचा ब्यूटी कोर्स : फी निघते कधी?

तापीकाठ
काल एका ग्रुपवर जाहिरात फिरत होती : "सहा महिन्यांचा कॉस्मेटॉलॉजी डिप्लोमा, फी दीड लाख, पहिल्याच वर्षी फी वसूल." खाली अमळनेर-पारोळ्याच्या मुलींचं "डिटेल्स पाठवा" सुरू. अरे, आधी हिशोब तरी मांडा. फी १,५०,०००, किटचे २०,०००, जळगावला जाण्या-येण्याचे महिन्याला अडीच हजार धरले तर सहा महिन्यांचे १५,०००. झाले १,८५,०००. पुढे पार्लरमध्ये हेल्पर म्हणून ८,००० मिळाले आणि त्यातले ५,००० मागे पडले, तर ३७ महिने. पहिलं वर्ष कोणत्या पंचांगातलं? कर्ज काढलं असेल तर व्याज वेगळंच.

केळीचा_घड
हेल्परच्या पगारावर गणित मांडलं तर तोटाच दिसणार ना भो! घरातल्या पुढच्या खोलीत खुर्ची टाकायची. आयब्रोचे ४० रुपये, खर्च म्हणजे दोरा आणि पावडर. दिवसाला आठ, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ८,३२०, तेही रोजच्या तासाभराच्या कामात. वॅक्सिंग-फेशियल मी धरलेलंच नाही. वर्षाला १५ नवऱ्यांचे मेकअप, ८,००० प्रमाणे १,२०,०००. आता बोला.

भुसावळ_लोकल
नवरीचे ८,००० हातात पडतात असं लिहिणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात. लॅशेस, पिना, प्रायमर, स्प्रे मिळून हजार, मदतनीस ५००, गाडी ७००. उरले ५,८००. त्यातून "घरचीच पोरगी आहे" म्हणून हजार कमी, आणि करवली, आई, मावशी फुकटात! चातुर्मासात मुहूर्तांची बोंब. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास गर्दी खरी, पण मेकअप शिकवला एसीच्या वर्गात आणि करायचा ४४ अंशांतल्या मंडपात. जाड बेस दोन तासांत नाकाच्या कडेला फुटतो. पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर ओल्या स्पंजने दाबून बसवायचा, कपाळ-नाक-हनुवटीला पावडर, मग सेटिंग स्प्रे. घाम पुसायचा नाही, टिश्यूने टिपायचा. आणि हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीच करू नका हो, चेहरा हुळहुळलेला असतो आणि वरून हळद चोळतात.

तापीकाठ
म्हणूनच आयटीआय म्हणतोय. कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड एक वर्षाचा, दहावी पास चालते, वर देशभर चालणारं सरकारी ट्रेड प्रमाणपत्र. जवळच्या शासकीय आयटीआयत हा ट्रेड आहे का बघा. फी खासगीच्या जवळपासही नाही. उरलेल्या पैशांत खुर्ची, शाम्पू युनिट, स्टरिलायझर येतं.

केळीचा_घड
आणि हाताला सवय? डमीच्या डोक्यावर शिकून रंग लावणार?

रंगपेटी
रंगाचं निघालंच आहे तर बोलते. कुठेही शिका, काळ्या मेहंदीचा धडा घाईत उरकतात, आणि आपल्याकडे दर दुसरी बाई तीच लावून येते. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात, त्यावर डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) पडला की केस जातात. चाचणी सोपी आहे. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड, त्यात २८ टक्के अमोनियाचे २० थेंब. मानेमागची वीसेक केसांची बट कापून, एका टोकाला टेप लावून अर्धा तास बुडवायची. शिसं असेल तर केस लगेच फिके पडतात. तांबं असेल तर फसफसतं, वाटी तापते, केस ओढला की तुटतो. चांदी असेल तर काहीच होत नाही, आणि तिथेच फसगत! "काही झालं नाही, लावा रंग."

केळीचा_घड
ताई, उगाच घाबरवू नका. बऱ्याच काळ्या मेहंदीत धातू नसून पीपीडी, म्हणजे केस काळे करणारं रसायन असतं. तिथे भानगड ॲलर्जीची. कानामागे टिकलीएवढं लावून ४८ तास थांबायचं, झालं.

रंगपेटी
बाजारातल्या सुट्या पुडीवर काय लिहिलेलं असतं, सांगा बरं? बाई काय पाकीट हातात धरून पार्लरला येते? ॲलर्जीची चाचणी धातू दाखवत नाही. दोन्ही करायच्या. एक डोकं बिघडलं की त्या गल्लीतल्या आयब्रोही बंद, तुमचे ८,३२० त्यातच गेले.

केळीचा_घड
करतो बाई, दोन्ही करतो. प्रयोगशाळाच उघडतो.

भुसावळ_लोकल
विषय पैशांचा होता ना? खुर्ची-आरशापुरतं मुद्राचं शिशू कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं, तारण लागत नाही. पीएमईजीपीत (धंदा सुरू करायला कर्ज-अनुदान देणारी केंद्राची योजना) गावातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान, पण ते हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं. अनुदान धरून हप्ता बसवणारे तिथेच गोत्यात येतात. एजंट हे सांगत नाही.

केळीचा_घड
ठीक आहे. पहिल्या वर्षी नाही निघत, दुसऱ्या वर्षी निघते. झालं समाधान?

तापीकाठ
१५ नवऱ्या मिळाल्या तर. नव्या मुलीला पहिल्या सीझनला १५ नवऱ्या कोण देतं, तेवढं लिहा.

रंगपेटी
आणि पेरॉक्साइडची बाटली पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात फुगते, जोर जातो, मग रंग नीट चढत नाही आणि दोष रंगाच्या कंपनीला.