केनिकॉटला स्वतः गाडी घेऊन जावं का?

प्रश्न: ऑगस्टमध्ये अलास्का ठरतंय, रँगेल-सेंट इलायस नॅशनल पार्कमधल्या केनिकॉटला (जुनं तांब्याच्या खाणीचं गाव) जायचंय, आई-बाबा पण आहेत. तिकडे जाणारा मॅकार्थी रोड भाड्याच्या गाडीने होतो का?

भटकंती_७: बऱ्याच रेंटलवाल्यांना कच्चा रस्ता चालत नाही, करार नीट वाचा. चिटिना गावापासून जवळपास ९६ किमी खडीचा रस्ता, जुन्या तांब्याच्या रेल्वेलाईनवरच केलाय, त्यामुळे रुळांचे जुने खिळे अजून वर येतात आणि टायर फाडतात. स्पेअर फुल साइजच हवा! वाटेतल्या उंच कुस्कुलाना पुलावर बाबांना खाली बघू देऊ नका 😄

खडकू: रस्ता संपतो तिथे गाडी केनिकॉट नदीअलीकडेच ठेवायची, पायी पूल ओलांडायचा, पुढे शटल. तांब्याच्या खनिजाची चौदा मजली लाल गिरणी गाईडसोबतच बघा, खाण १९३८ ला बंद झाली पण यंत्रं तशीच उभी आहेत. आणि समोर दरीभर जे मातीचे ढिगारे दिसतात ना, सगळ्यांना वाटतं खाणीचा कचरा, तर ती हिमनदीच आहे, वर दगडमाती पसरलेली, खाली बर्फ.

प्रश्नकर्ता: भारीच! शेजारची दुसरी हिमनदी, रूट ग्लेशियर, आईला झेपेल?

खडकू: काठापर्यंत गिरणीपासून तीनेक किमी, सोपं आहे. बर्फावर मात्र क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे धातूचे काटे) लागतात, गाईड घ्याच.